सी ड्राइव्ह लाल झालाय, फॉरमॅट मारू का?

प्रश्न : ताई, नमस्कार. विट्यात माझं लग्नपत्रिका आणि फ्लेक्सचं छोटं दुकान आहे. २०१९ साली कॉम्प्युटर असेंबल करून घेतला. त्यात १२० जीबीची एसएसडी आहे, तिच्यावर सी ड्राइव्ह. आणि १ टीबीची हार्ड डिस्क आहे, ती डी ड्राइव्ह. डीमध्ये ६०० जीबी जागा पडून आहे. सी मात्र महिनाभर लाल. फोटोशॉप 'स्क्रॅच डिस्क फुल' म्हणतं, कोरलची फाइल सेव्ह होत नाही आणि लगीनसराई तोंडावर आली आहे. डेस्कटॉपवरचे जुन्या पत्रिकांचे पाच-सहा फोल्डर जड मनानं डिलीट केले, तरी जागा काडीचीही वाढली नाही. पुतण्या म्हणतो, 'काका, फॉरमॅट मारा, सगळं स्वच्छ होईल.' पण माझं मराठी टायपिंगचं श्रीलिपी, माझे फॉन्ट, २२ वर्षांचं काम. धीर होत नाही. आणि आणखी एक : १२० सांगून दिलेल्या एसएसडीत विंडोज १११च का दाखवतं? मला फसवलं का?
— एक वाचक, विटा

उत्तर : काका, फॉरमॅट मारू नका. निदान आत्ता तरी नाही.

तुमचं पत्र आल्यावर मी तुम्हाला फोन केला होता आणि आपण दोघांनी मिळून पाऊण-एक तास तो ड्राइव्ह उपसला. ते सगळं इथे सविस्तर लिहिते, कारण या महिन्यात 'सी ड्राइव्ह भरला' अशी पत्रं बरीच आली आहेत आणि तुमचं उदाहरण सगळ्यांना उपयोगी पडेल असं आहे.

आधी १२० आणि १११चं. तुम्हाला कुणी फसवलेलं नाही. एसएसडी बनवणारे १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतात. विंडोज १ जीबी म्हणजे १०२४ गुणिले १०२४ गुणिले १०२४ धरतं, म्हणजे सुमारे १०७ कोटी ३७ लाख बाइट. १२,००० कोटीला १०७ कोटी ३७ लाखानं भागून बघा, उत्तर १११ पूर्णांक ७६ येतं. माल तेवढाच आहे, मापं दोन आहेत.

आता खरं दुखणं. तुम्ही जे डिलीट केलंत ते तुमच्या डोळ्यांसमोर होतं म्हणून केलंत. डेस्कटॉपवर दिसणाऱ्या पत्रिका, ओळखीची नावं. जागा खाणारं मात्र तुम्हाला दिसतच नव्हतं. माझ्या दुकानात येणाऱ्या दहापैकी आठ जणांचं असंच होतं : माणूस आपलं जिवाचं काम पुसतो आणि ज्याचं नावही त्याला ठाऊक नाही तो कचरा तसाच राहतो. म्हणून माझ्याकडे मशीन आलं की मी काहीही पुसायच्या आधी मोजते. विझट्री नावाचा छोटा प्रोग्रॅम आहे, किंवा जुना विनडिरस्टॅट. दोन्ही प्रोग्रॅम ड्राइव्हमधला प्रत्येक फोल्डर मोठ्यापासून लहानापर्यंत मांडून दाखवतात. विझट्री उघडताना 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' करायचं, नाहीतर काही फोल्डर मोजलेच जात नाहीत. तुम्ही फोनवर एकेक आकडा वाचत गेलात आणि मी समोरच्या बिलबुकाच्या पाठीमागे लिहीत गेले :

विंडोजचा फोल्डर २४ जीबी. कोरल, फोटोशॉप, ऑफिस धरून सगळे प्रोग्रॅम १७. पेजफाइल ९. हायबरफिल ६.४. रिस्टोअर पॉइंट ५. रिसायकल बिन ५. आणि युजर्स ४३.

तुम्ही म्हणालात, 'ताई, युजर्समध्ये मी काही ठेवतच नाही.' तिथेच सगळं होतं. डेस्कटॉप, डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स हे सगळे युजर्सच्या पोटातले फोल्डर आहेत, म्हणजे सी ड्राइव्हवरच. डेस्कटॉपवर ठेवलेली फाइल 'बाहेर' आहे असं पुष्कळांना वाटतं. ती सी मध्येच असते. पण तुमच्याकडे त्याहून मोठा ऐवज अ‍ॅपडेटा नावाच्या लपवलेल्या फोल्डरात निघाला. टेम्प : २१ जीबी.

तो कसा उघडायचा ते फोनवर सांगितलं तसंच सांगते. विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबा. छोटी चौकट येते. त्यात टक्क्याचं चिन्ह, टेम्प, पुन्हा टक्क्याचं चिन्ह, मध्ये जागा न सोडता, आणि एंटर. तुम्ही साइझप्रमाणे लावून बघितलंत तेव्हा वरच्या १४ फाइलींची नावं एकाच वळणाची होती : 'फोटोशॉप टेम्प' आणि पुढे आकडे. एकेक साधारण दीड जीबीची. मी तारखा वाचायला सांगितल्या. तुम्ही तीन-चार वाचल्या आणि थांबलात. म्हणालात, 'ताई, ही तारीख मला माहितीये. त्या दिवशी दुपारी दोनदा लाइट गेली होती आणि गिऱ्हाईक समोर बसलं होतं.'

फोटोशॉप काम करताना रॅम कमी पडली की डिस्कवर स्वतःसाठी तात्पुरती जागा घेतं, तीच स्क्रॅच डिस्क. काही बदललेलं नसेल तर ही जागा सी ड्राइव्हवर असते. प्रोग्रॅम नीट बंद केला की तो आपली फाइल स्वतः पुसून जातो. लाइट गेली, मशीन धाडकन बंद पडलं, की फाइल तशीच राहते. पुढच्या वेळी तो नवीन फाइल घेतो. तुमच्या यूपीएसची बॅटरी दोन वर्षांपूर्वी गेली आहे, असं तुम्हीच बोलता बोलता सांगितलंत. १४ फाइली म्हणजे मशीन बरेच वेळा तसं पडलं असणार. तेव्हा काका, ती बॅटरी बदला. नाहीतर पुढच्या लगीनसराईला मला हेच उत्तर पुन्हा लिहावं लागेल.

फोटोशॉप, कोरल, सगळं बंद करून टेम्पमधलं सगळं निवडून डिलीट करायचं. काही फाइली वापरात आहेत असं सांगेल, तिथे 'स्किप'. मग फोटोशॉपच्या प्रेफरन्सेसमध्ये स्क्रॅच डिस्कच्या यादीत डीवरही खूण करायची. फक्त पत्रिका असत्या तर मी सीवरची खूण काढायलाच सांगितलं असतं. तुम्ही मोठे फ्लेक्सही करता आणि डी ही फिरती हार्ड डिस्क आहे, हळू चालते. म्हणून सी पहिला, डी दुसरा असं ठेवलं.

हायबरफिल ६.४ जीबी. ही फाइल हायबरनेट करताना रॅममधलं सगळं उतरवून ठेवण्यासाठी असते आणि साधारण रॅमच्या ४० टक्के जागा अडवते. गेल्या दिवाळीत तुम्ही रॅम ८ची १६ करून घेतलीत. चांगलं केलंत. पण त्याबरोबर या फाइलचा वाटाही ३.२ वरून ६.४ झाला. तुम्ही रोज रात्री मशीन शटडाउन करता, हायबरनेट कधीच करत नाही, तेव्हा ती काढली. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडायचा आणि लिहायचं : पॉवर, त्यालाच जोडून सी एफ जी, एक स्पेस, मायनसचं चिन्ह आणि लगेच एच, एक स्पेस, ऑफ. एंटर. यामुळे फास्ट स्टार्टअप बंद होतो, पण एसएसडीवर सकाळी दोन-चार सेकंदांपलीकडे फरक कळत नाही. लॅपटॉपवाल्यांनी मात्र हे माझं बघून करू नये. बॅटरी संपताना हायबरनेटच तुमचं उघडं काम वाचवतं.

पेजफाइल म्हणजे रॅम भरत आली की विंडोज जिथे काम उतरवतं ती फाइल. तिला हात लावू नका. 'ती बंद करा, ९ जीबी सुटतील' असं सांगणारे भेटतील. फोटोशॉप आणि कोरल एकदम चालवणाऱ्या मशीनवर ती बंद केली की भर कामात प्रोग्रॅम कोसळू शकतात.

विंडोजच्या २४ जीबीत विनएसएक्सएस नावाचा फोल्डर आहे, तो पाहून पुतण्या म्हणाला, 'हाच उडवू.' त्याला माझ्यातर्फे प्रेमानं सांगा की अजिबात नाही. तिथल्या पुष्कळ फाइली आणि सिस्टिम फोल्डरातल्या फाइली या एकाच फाइलची दोन नावं असतात, म्हणून तो आहे त्यापेक्षा मोठा दिसतो. आणि हातानं काही पुसलं तर पुढचं अपडेट बसत नाही, कधी विंडोजच सुरू होत नाही. तिथली जुनी अपडेटं काढायची तर डिस्क क्लीनअप उघडून 'क्लीन अप सिस्टिम फाइल्स' दाबायचं आणि 'विंडोज अपडेट क्लीनअप'वर खूण करायची. तुमचे त्यातून ३ जीबी सुटले.

डिस्क क्लीनअपचं नाव निघालं म्हणून थांबते. २०१९च्या उन्हाळ्यात एका शिक्षिकेचा लॅपटॉप माझ्याकडे आला होता, तक्रार हीच, जागा नाही. त्या वेळच्या विंडोज १० मध्ये डिस्क क्लीनअपच्या यादीत डाउनलोड्स हा फोल्डरही येत असे. मी घाईत सगळ्या चौकटींवर खुणा केल्या आणि ओके दाबलं. १२ जीबी सुटले, मी खूश. संध्याकाळी त्यांचा फोन आला. वर्गाच्या सहलीचे आणि निरोप समारंभाचे सगळे फोटो पालकांनी पाठवले होते, ते त्यांनी डाउनलोड्समध्येच ठेवले होते. डिस्क क्लीनअपनं पुसलेलं रिसायकल बिनमध्ये जात नाही. आणि एसएसडीवर पुसलेली जागा ड्राइव्ह स्वतःच लवकर रिकामी करून टाकतो, त्यामुळे हार्ड डिस्कसारखं रिकव्हरी करून काही मिळेल ही आशा जवळपास नसते. मी दोन रात्री प्रयत्न केला. तीन फोटो आले, अर्धे करडे पट्टे असलेले. त्या बाईंनी मला एक शब्द वावगा बोलला नाही, त्याचंच मला जास्त लागलं. त्यानंतर मी आजवर एकही चौकट न वाचता खूण केलेली नाही. डिस्क क्लीनअपच्या यादीतून ते नाव पुढे निघालं, पण सेटिंग्जमधल्या 'टेम्पररी फाइल्स'च्या यादीत डाउनलोड्स आजही दिसतं. त्यावर खूण करताना आधी तो फोल्डर उघडून बघा.

म्हणून तुमची रिसायकल बिन मी लगेच रिकामी करू दिली नाही. जागा का वाढली नाही, याचं उत्तर तिथेच होतं : तुम्ही डिलीट केलेले पत्रिकांचे फोल्डर बिनमध्ये होते, आणि सीवरच्या फाइलींची बिन सीवरच असते. पाचही जीबी तिथेच. एकेक रिस्टोअर केला, डेस्कटॉपवर परत आला आणि तिथून डीवर 'पत्रिका' नावाच्या फोल्डरात हलवला. तुम्हीच सांगितलंत की थोरल्याच्या पत्रिकेवर होता तोच गणपती धाकट्याच्या पत्रिकेवर हवा म्हणून लोक आठ-आठ वर्षांनी येतात. असं काम पुसायचं नसतं.

डेस्कटॉपवरचे उरलेले ४ जीबीही तिकडेच गेले. डाउनलोड्समध्ये ९ होते. त्या फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, लोकेशन, मूव्ह, आणि डीमध्ये आधी तयार करून ठेवलेला 'डाउनलोड्स' फोल्डर दाखवायचा. इथे एक खाच आहे, तिच्यात पडू नका. मूव्ह करताना नुसता डी ड्राइव्ह दाखवला, आत फोल्डर न करता, तर अख्खा डी ड्राइव्हच डाउनलोड्स होऊन बसतो आणि तो सोडवताना घाम फुटतो. मी अशी दोन मशीनं सोडवली आहेत.

व्हॉट्सअ‍ॅपच्या डेस्कटॉप अ‍ॅपचे ७ जीबी. गिऱ्हाइकं मजकूर, वधूवरांचे फोटो, व्हिडिओ त्यावरच पाठवतात, ते उतरून बसतात. हवं ते डीवर सेव्ह करून जुन्या चॅटमधलं मीडिया अ‍ॅपमधूनच पुसलंत, ५ सुटले. अ‍ॅपडेटातला त्याचा फोल्डर हातानं पुसू नये. रिस्टोअर पॉइंट, म्हणजे बिघाड झाला तर विंडोज मागच्या स्थितीत नेण्यासाठी ठेवलेल्या नोंदी, पूर्ण बंद करायचे नाहीत, फक्त सिस्टिम प्रोटेक्शनमध्ये कमाल मर्यादा खाली ओढायची; २ सुटले.

बेरीज तुम्ही स्वतःच वाचून दाखवलीत : मोकळे होते १.४, झाले जवळपास ५७. पट्टी निळी झाली. एकही प्रोग्रॅम काढला नाही, एकही पत्रिका गेली नाही.

श्रीलिपीच्या भीतीबद्दल. तुमची भीती रास्त आहे, आणि फॉरमॅटला नाही म्हणण्याचं माझं मोठं कारण तेच आहे. तुमच्या जुन्या फाइली युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठी वाचता येते त्या सामाईक पद्धतीत, नाहीत. त्यातली मराठी अक्षरं त्या-त्या फॉन्टच्या आधारावरच उभी आहेत. फॉन्ट नसेल तर 'चि. सौ. कां.'च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा खिचडा दिसतो. फॉरमॅट मारला की प्रोग्रॅम परत टाकता येतात, पण २०११ साली कुणाकडून तरी सीडीवर आणलेला एखादा फॉन्ट परत मिळेलच असं नाही. म्हणून विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरातले सगळे फॉन्ट आजच कॉपी करून डीवर ठेवा. फार जागा लागत नाही.

आणि डीवर आता २२ वर्षांचं काम एकाच ठिकाणी आहे, तीही २०१९ची फिरती हार्ड डिस्क. एक बाहेरची हार्ड डिस्क घ्या, 'पत्रिका' आणि फॉन्ट तिच्यावर उतरवा, आणि ती दुकानात ठेवू नका, घरी कपाटात ठेवा. सवड झाली की १२०च्या जागी ५००ची एसएसडी बसवून घ्या. दुकानदाराला 'क्लोन करून द्या' असं स्पष्ट सांगा. विंडोज, श्रीलिपी, कोरल, सगळं जसंच्या तसं नवीन एसएसडीवर येतं. जुनी एसएसडी महिनाभर पुसायला देऊ नका.

प्रश्न : विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला म्हणून लॅपटॉपवर विंडोज ११ घेतलं. आता सी ड्राइव्हमध्ये 'विंडोज डॉट ओल्ड' नावाचा २३ जीबीचा फोल्डर दिसतोय. डिलीट करायला गेले तर परवानगी नाही म्हणतो. काढू का?
— एक विद्यार्थिनी, परभणी

उत्तर : काढायला हरकत नाही, पण दोन गोष्टी बघून. हे तुझं जुनं विंडोज १० आहे, परत जायचं झालं तर असावं म्हणून ठेवलेलं. परतीची सोय १० दिवस असते, नंतर विंडोज तो फोल्डर आपोआप काढतं. तेव्हा घाई नसेल तर काही करूच नकोस. तेवढ्या दिवसांत प्रिंटर, कॉलेजचं सॉफ्टवेअर, प्रोजेक्टरची जोडणी सगळं चालतंय ना, ते तपास. दुसरं, नवीन विंडोज टाकताना 'फाइली ठेवा' हा पर्याय निवडला नसेल, तर तुझे जुने डॉक्युमेंट आणि फोटो त्याच फोल्डरात युजर्समध्ये असतील. ते उघडून बाहेर काढ. मग सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स, आणि 'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन'वर खूण. बाकीच्या खुणा वाचून. वरचं उत्तर वाचलंस तर कळेल मी हे का सांगते.

प्रश्न : माझ्या लॅपटॉपमध्ये एकच १ टीबीची डिस्क आहे, पण विकत घेतानाच तिचे सी १०० आणि डी ८३० असे भाग पाडलेले. सी भरला. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन डीमधून ५० जीबी कमी केले, तरी सीवर 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' करडंच राहतंय. आंब्याच्या व्यवसायाचं सगळं टॅली यात आहे.
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : दादा, डिस्कवरचे भाग एका ओळीत असतात : सी, त्याच्या उजवीकडे डी. विंडोज सीला फक्त त्याला लागून उजवीकडे असलेली रिकामी जागा जोडू शकतं. तुम्ही डी कमी केलात तेव्हा जागा डीच्या उजव्या टोकाला सुटली. सी आणि ती जागा यांच्या मध्ये डी उभा आहे. बांधाला बांध लागल्याशिवाय शेत वाढत नाही, तसंच हे.

विंडोजच्या स्वतःच्या साधनानं करायचं तर डीवरचं सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरवायचं, ते उघडून खात्री करायची, मग डी काढून टाकायचा, सी हवा तेवढा वाढवायचा आणि उरलेल्या जागेत नवा डी करायचा. मी तुमच्या जागी सीला २५० देईन. डिस्क मॅनेजमेंटमध्ये सी आणि डीच्या मध्ये छोटा रिकव्हरी पार्टिशन, म्हणजे विंडोजच्या दुरुस्तीसाठी राखलेला भाग, दिसला तर मात्र पुढे जाऊ नका, मशीन जाणत्या माणसाकडे न्या. पार्टिशन सरकवणारे दुसरे प्रोग्रॅम मिळतात, ते चालतातही, पण मध्येच लाइट किंवा बॅटरी गेली तर दोन्ही ड्राइव्ह हातचे जातात.

हे सगळं नंतर. आधी तुमचं टॅली कुठे आहे ते बघा. टॅलीप्राइम टाकताना जागा बदलली नसेल तर त्याचा डेटा सीवरच, युजर्समधल्या पब्लिक फोल्डरात असतो. म्हणजे 'माझं काम डीवर आहे' असं समजून फक्त डीचा बॅकअप घेतलात तर हिशेब त्यात येणार नाही. टॅलीतून बॅकअप घ्या, पेनड्राइव्हवर ठेवा, तो दुसऱ्या एखाद्या कॉम्प्युटरवर रिस्टोअर करा आणि या हंगामातलं एका व्यापाऱ्याचं लेजर उघडून शेवटची नोंद जुळते का बघा. लॅपटॉपवर डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी सोय, चालू असेल तर तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन ४८ आकड्यांची रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. मग चार्जर लावा आणि सुरू करा.